नाक्याजवळची जागा

सुरतेच्या पांडेसऱ्यात बेघर माणूस बाहेरून आणावा लागत नाही. तो इथे आहेच. रात्री अकराच्या सुमारास जीआयडीसीच्या, म्हणजे औद्योगिक वसाहतीच्या, रस्त्याने चालत निघालं की तो दिसू लागतो: बंद शटरपुढच्या ओट्यावर, उभ्या लारीवर, टेम्पोच्या हौद्यात, ट्रान्सपोर्टच्या गोदामाबाहेर पसरलेल्या गोणपाटावर. मी ज्या संस्थेत काम करते ती शहरी बेघरांचे निवारे चालवते. निवारा उभा करण्याआधी त्या भागात उघड्यावर कोण झोपतं याची पाहणी करावी लागते आणि ती रात्रीच होते. दिवसा हाच माणूस कामगार असतो. डाइंग मिलच्या दारात ग्रे कापडाच्या गाठी उतरवतो, लग्नाच्या हॉलमध्ये वाढपी म्हणून राबतो, कडियानाक्यावर उभा राहून सेंट्रिंगचं किंवा खोदकामाचं काम मिळवतो. तेव्हा त्याला बेघर म्हणून कोणी ओळखत नाही.

या कामातला सगळ्यात अवघड भाग रात्रीचं फिरणं हा नव्हे. अवघड असते ती शेजाऱ्यांची बैठक. निवाऱ्यासाठी जागेचं नाव नुसतं निघालं, तरी दोन दिवसांत आसपासच्या सगळ्या सोसायट्यांत बातमी पोचते आणि तिसऱ्या दिवशी सह्यांचा कागद फिरू लागतो. पांडेसऱ्यातल्या अशाच एका मोकळ्या प्लॉटची ही हकिकत आहे. सोसायटीचं नाव मी लिहीत नाही. ती माणसं माझी आहेत, मी त्यांच्यापासून चार गल्ल्या पलीकडे वाढले.

सुरतेच्या या बाजूला, म्हणजे उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा इथे खानदेशी माणूस पिढ्यांपासून आहे. जळगाव, धुळे, नंदुरबारहून ताप्तीकाठच्या रेल्वेने यायचं, उधन्याला उतरायचं आणि ओळखीच्या माणसाच्या खोलीत पथारी टाकायची, हा रस्ता ठरलेला. माझे वडील 1972 च्या दुष्काळानंतर असेच आले. आज त्या पिढीची मुलं स्वतःच्या रो-हाउसमध्ये राहतात. घरात अहिराणी, रस्त्यावर गुजराती आणि हिंदी, आणि महानगरपालिकेच्या मराठी शाळेमुळे लिहिण्यावाचण्यापुरती मराठी. ज्या सोसायटीबद्दल सांगते आहे तिथे निम्मी घरं आपली, बाकी उत्तर प्रदेश आणि ओडिशातली.

बैठक प्लॉटवरच झाली. गणपतीचा मांडव जिथे पडतो तिथे सतरंज्या अंथरल्या होत्या. माझ्यासमोर साठ-सत्तर माणसं होती आणि पुढच्या रांगेत सगळ्या बायका. मी ओळख करून द्यायच्या आत एक मावशी म्हणाल्या, "बेन, तू चांगलं काम करस, पण आठे नको. दुसरीकडे लई जा." मागून आवाज आला, दारुडे येतील. चोऱ्या होतील. घरांचे भाव पडतील. आणि मग एक तरुण आई उठली. तिच्या कडेवर मुलगी होती. ती एवढंच म्हणाली, "ताई, 2018 विसरलात का? 2021 विसरलात का?"

हे दोन आकडे पांडेसऱ्यात कोणाला समजावून सांगावे लागत नाहीत. एप्रिल 2018 मध्ये भेस्तानजवळ अकरा वर्षांच्या एका मुलीचं प्रेत सापडलं. अंगावर 86 जखमा होत्या. नोव्हेंबर 2021 मध्ये, ऐन दिवाळीत, पांडेसऱ्यातून अडीच वर्षांची एक मुलगी उचलून नेली गेली आणि काही दिवसांनी तिचा मृतदेह मिळाला. दोन्ही खटल्यांत सुरतेच्या न्यायालयाने फाशीची शिक्षा सुनावली, दुसऱ्यात तर महिन्याभरातच. त्या महिन्यांत इथल्या बायका मुलींना शाळेच्या दारापर्यंत सोडायला जात आणि सुटेपर्यंत तिथेच बसत. त्यामुळे त्या आईच्या भीतीला गैरसमज म्हणायची माझी छाती झाली नाही, आणि आजही होणार नाही. ज्यांनी हा भाग पाहिलेला नाही ते लोक अशा विरोधाला सरसकट मध्यमवर्गाचा स्वार्थ म्हणून मोकळे होतात. पांडेसऱ्याची ही बाई मध्यमवर्गातली नाही. तिचा नवरा मिलमधल्या स्टेंटर मशीनवर बारा तासांची पाळी करतो आणि ती स्वतः घरी साड्यांना खडे चिकटवते. तिच्याकडे राखायला एकच गोष्ट आहे, आणि ती कडेवर होती.

मी तिला जे सांगितलं ते इथे जरा सविस्तर लिहिते, कारण माझ्या मते सगळ्या प्रश्नाचं मर्म त्यात आहे. 2021 मधला गुन्हेगार फुटपाथवर झोपणारा नव्हता. तो इथेच वस्तीत राहत होता, कारखान्यात कामाला होता, बायकोमुलांचा होता. 2018 मधला गुन्हेगार कंत्राटदार होता. आणि ती मुलगी? ती कोणाची हे कित्येक दिवस कळलंच नाही. पोलिसांनी भित्तिपत्रकं लावली, राज्याराज्यांतल्या हरवलेल्या मुलांच्या नोंदी चाळल्या. शेवटी उलगडलं ते असं की राजस्थानातून एक आई आणि तिची मुलगी कामाच्या आशेने इथे आणल्या गेल्या होत्या, आणि आईचाही खून झाला होता. दोघी या शहरात आल्या होत्या, राहिल्या होत्या, मेल्या होत्या, आणि त्यांना ओळखणारं एकही माणूस इथे नव्हतं. कुठल्या रजिस्टरात नाव नाही, कुठल्या शेजारणीने "काल ती दिसली नाही" असं म्हटलं नाही. कंत्राटदाराशिवाय त्यांचं कोणीच नव्हतं आणि तोच त्यांचा काळ ठरला.

बायकांसाठी आणि कुटुंबांसाठी निवारा हवा तो अशा माणसांसाठी. अनोळखी शहरात उतरलेल्या बाईला कंत्राटदाराच्या खोलीखेरीज दुसरं एक दार असावं. तिथे रात्रपाळीला जागी असणारी काळजीवाहक बाई असावी, नाव-गाव लिहून घेणारं रजिस्टर असावं, आणि सकाळी ती बाई परतली नाही तर चौकशी करणारं कोणीतरी असावं. ती तरुण आई हे ऐकून गप्प झाली. तिला पटलं असं मी म्हणणार नाही. ती मुलीला घेऊन खाली बसली आणि शेवटपर्यंत बसून राहिली, एवढं मला दिसलं.

नियमांची गोष्ट थोडक्यात सांगते. जानेवारी 2010 मध्ये दिल्लीच्या कडाक्याच्या थंडीत बेघरांचं छप्पर काढून घेतल्याचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयासमोर आलं, आणि अन्नाच्या हक्काच्या जुन्या याचिकेतूनच पुढे देशभरच्या शहरांसाठी निवाऱ्यांचे आदेश निघाले. 2013 मध्ये राष्ट्रीय शहरी उपजीविका अभियानात शहरी बेघरांच्या निवाऱ्यांची योजना आली. तिचं प्रमाण असं की एक लाख लोकसंख्येमागे शंभर माणसांचा एक कायमचा, बारमाही निवारा आणि माणशी निदान पन्नास चौरस फूट जागा. 2011 च्या जनगणनेत सुरतेची लोकसंख्या 44 लाखांवर होती. त्यानंतर शहर किती वाढलं हे इथे राहणाऱ्याला मोजून दाखवावं लागत नाही. त्याच जनगणनेत देशभरात 17 लाख 72 हजार बेघर माणसं नोंदली गेली. रात्रीच्या पाहणीचा अनुभव असलेल्या कोणालाही हा आकडा अपुराच वाटतो. आमचा माणूस वही घेऊन जवळ गेला की अर्धे लोक उठून चालायला लागतात. त्यांना वाटतं, उठवायला आले.

योजनेत आणखी एक वाक्य आहे, ते मला फार महत्त्वाचं वाटतं. निवारा शक्य तितका बेघरांच्या वावराच्या आणि कामाच्या ठिकाणाजवळ असावा. "दुसरीकडे लई जा" याला माझं उत्तर तिथे सुरू होतं. नाक्यावर मजूर सकाळी सात वाजता उभा राहतो. ठेकेदार आठपर्यंत येऊन निवड करतात. नऊनंतर जो उभा असतो त्याची त्या दिवशीची रोजी गेलेली असते. अशा माणसाला शहराच्या दुसऱ्या टोकाला पलंग, पंखा, गरम पाणी सगळं दिलं तरी तो जाणार नाही. तो नाक्याच्या शंभर पावलांवर, जिथे जागा मिळेल तिथे आडवा होईल. माणूस झोपतो ते उद्याच्या कामाजवळ.

19 जानेवारी 2021 च्या मध्यरात्री सुरतेजवळच्या कीम-मांडवी रस्त्यावर हेच घडलं होतं. राजस्थानच्या बांसवाडा भागातून आलेले मजूर रस्त्याच्या कडेला झोपले होते. डंपर अंगावरून गेला आणि पंधरा जण मेले. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत चालकाबद्दल, वेगाबद्दल लिहून आलं. ते यायलाच हवं होतं. पण ती माणसं तिथे का झोपली होती, हा प्रश्न दोन दिवसांत मागे पडला. बैठकीत मी ही घटना सांगितली तेव्हा एका काकांनी विचारलं, "म्हणजे आम्ही नाही म्हटलं तर माणसं मरतील, असं म्हणतेस का?" मी म्हटलं, "काका, तुम्ही नाही म्हटलं तर ती तुमच्याच सोसायटीच्या भिंतीला लागून झोपतील, आज झोपतात तशी. फक्त संडास नसेल, दिवा नसेल आणि कोण आहे ते कोणाला ठाऊक नसेल." काकांना हे आवडलं नाही. पण त्यांच्या मागच्या दोघा दुकानदारांनी मान हलवली. सकाळी शटर उघडताना ओटा धुवायचं काम त्यांच्याकडे असतं.

आता आमची बाजू सोडून लोकांची बाजू घेते. त्या बैठकीतला सगळ्यात चांगला प्रश्न एका ओडिया तरुणाने विचारला. तो म्हणाला, "दीदी, असे निवारे रिकामे पडलेले मी पाहिलेत. मग आणखी कशाला?" हा मुलगा गंजामचा, लूमवर काम करणारा. पूर्वी तो मेसमध्ये राहायचा. मेस म्हणजे एका हॉलमध्ये कित्येक कारागीर, रात्रपाळीचा कामावर गेला की त्याच्याच गादीवर दिवसपाळीचा झोपणार. पाळी बदलायच्या दिवशी किंवा लूम बंद असले की सगळेच एकदम खोलीवर, आणि मग निम्म्यांना बाहेर रस्त्यावर वेळ काढावा लागतो. त्याला निवाऱ्याचा अर्थ आमच्यापेक्षा जास्त कळत होता.

त्याचं म्हणणं खरं आहे. शहरोशहरी असे निवारे अर्धे रिकामे दिसतात आणि त्यांच्या बाहेरच्या रस्त्यावर माणसं झोपलेली असतात. लोक म्हणतात, बघा, यांना सवयच रस्त्याची. मी वर्षानुवर्षं हे काम करते आहे आणि "सवय" हे कारण मला कुणा झोपणाऱ्याच्या तोंडून ऐकू आलेलं नाही. कारणं साधी असतात. दाहोद, अलिराजपूर, नंदुरबारकडून येणारं आदिवासी कुटुंब नवरा, बायको, दोन लेकरं, कधी म्हातारी सासू असं एकत्र येतं. निवाऱ्यात पुरुषांचा हॉल वेगळा, बायकांचा वेगळा. दिवसभर अनोळखी माणसांच्या इमारतीवर राबून आलेली बाई रात्री नवऱ्यापासून आणि तेरा वर्षांच्या पोरापासून दूर का झोपेल? दुसरं, त्यांच्याबरोबर फावडं, घमेलं, कुदळ असते. ती रोजीची साधनं आहेत, चोरीला गेली तर उद्याचं काम गेलं. ठेवायला कुलपाची जागा नसेल तर माणूस ती उशाशी घेऊन बाहेरच झोपतो. तिसरं, चूल. तीन दगड मांडून भाकरी भाजली की माणशी खर्च वाचतो, आणि वाचलेला पैसा होळीला गावी न्यायचा असतो. चौथं, वेळ. रात्री दहाला दार बंद करणाऱ्या निवाऱ्यात लग्नातला वाढपी कसा येणार? तो तर एक वाजता सुटतो. रात्रपाळीवाल्याला तर दिवसाच झोपायचं असतं, आणि सकाळी आठला सगळ्यांना बाहेर काढणारा निवारा त्याच्या काही कामाचा नाही.

म्हणून मी त्या मुलाला म्हटलं, रिकामा निवारा बांधायचा नाही, हे तुझं बरोबर आहे. कुटुंबांसाठी आडोशाच्या खोल्या, हत्यारांसाठी कुलपाच्या पेट्या, सामायिक स्वयंपाकघर आणि चोवीस तास उघडं दार, एवढं असेल तर माणूस येतो. यातलं बरंचसं योजनेच्या कागदावर आहेच. कागदावरचं जमिनीवर आणायला चालवणाऱ्यांचा हेका लागतो आणि शेजाऱ्यांची नजर लागते. शेजारी विरोधात असतील तर निवारा चालवणारेही दार अर्धवट लावून घाबरून बसतात. मग तो रिकामाच राहतो.

दारूबद्दल मी काही लपवलं नाही. राज्यात दारूबंदी आहे, तरी पोटल्या मिळतात आणि नाक्यावरची माणसंही पितात, सोसायटीतलीही पितात. पिऊन दंगा करणाऱ्याला निवाऱ्यात ठेवायचं नाही, हा नियम आम्ही पाळतो. घरांच्या भावाबद्दल माझ्याकडे काही सांगण्यासारखं नव्हतं आणि मी तसं सांगून टाकलं. एकाने विचारलं, पोलिसच यांना उचलून का नेत नाहीत? भीक मागणाऱ्यांना पकडण्याचा 1959 चा कायदा द्वैभाषिक मुंबई राज्यात झाला, तो गुजरातेतही आला. पण आम्ही भेटतो त्यातले बहुतेक लोक भीक मागत नाहीत, राबतात. आणि जुलै 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भिकाऱ्यांना रस्त्यावरून हटवण्याचा आदेश द्यायला नकार दिला, भीक मागण्यामागे गरिबीच आहे असं सांगून.

मग आप्पा बोलले. सोसायटीतले सगळ्यात जुने रहिवासी. त्यांनी 1994 सांगितलं. त्या सप्टेंबरात सुरतेत प्लेग पसरला, पन्नासच्या वर माणसं दगावली आणि लाखो लोक मिळेल त्या गाडीने शहर सोडून पळाले. आप्पा बायकोमुलांना घेऊन अमळनेरकडच्या गावी पोचले. सुरतेहून आले म्हटल्यावर गावात कोणी घरात घेईना. सख्ख्या चुलत्याने अंगणातून भाकरी दिली आणि मळ्यातल्या खोपटीत राहायला सांगितलं. "त्यासनी बी काही वाईट नव्हतं," आप्पा म्हणाले, "भ्यायला व्हतात." एवढं बोलून ते थांबले. त्यांनी कोणाला उपदेश केला नाही. पण त्यानंतर बैठकीचा आवाज खाली आला हे मात्र खरं.

मला त्यांच्या बोलण्यावरून 2020 आठवत होतं. मार्चच्या अखेरीस टाळेबंदी लागली आणि पांडेसऱ्यात खोल्याखोल्यांतून अडकलेली माणसं घरी जायला म्हणून रस्त्यावर आली, पोलिसांशी चकमक झाली, कित्येकांना अटक झाली. पुढे महिनाभर शाळांचे वर्ग निवारे झाले होते. याच सोसायटीतल्या बायकांनी तेव्हा मोठ्या पातेल्यांत खिचडी शिजवली आणि आम्ही ती वाटली. मे महिन्यात श्रमिक गाड्या सुरू झाल्या, तोवर हे चाललं. त्या वेळी कोणी विचारलं नाही की हे कुठले, यांचा इतिहास काय. हे मी बैठकीत बोलून दाखवलं नाही. केलेल्या चांगुलपणाची आठवण करून देऊन कोणाकडून होकार वसूल करायचा नसतो.

शेवटी प्रश्न राहिला प्लॉटचा, आणि तिथे मी रहिवाशांच्या बाजूची आहे. चार सोसायट्यांना मिळून ती एकच मोकळी जागा. गणपती तिथे, गरबा तिथे, लग्नाचा मांडव तिथे, मयताला आलेली माणसं बसतात तीही तिथे. पांडेसऱ्यात कारखान्यांनी आणि खोल्यांनी प्रत्येक वीत व्यापली आहे, मुलांना पळायला जागा नाही. गरिबांच्या वस्तीतली शेवटची मोकळी जागा घेऊन आणखी गरिबांसाठी छप्पर बांधायचं आणि मग दोघांची भांडणं लावून बघत बसायचं, हे नियोजन नव्हे. श्रीमंत भागांत मोठमोठे राखीव भूखंड असतात, तिथे निवाऱ्याचं नाव सहसा निघत नाही. मी आमच्या अहवालात हे लिहिलं. प्लॉट सोडावा आणि नाक्यालगत, मुख्य रस्त्याच्या बाजूला, वापरात नसलेली एखादी सार्वजनिक इमारत पाहावी. तिथे ये-जा रस्त्यावरून होईल, सोसायटीच्या गल्लीतून होणार नाही, आणि मजुराला नाका हाकेच्या अंतरावर राहील.

निर्णय अजून व्हायचा आहे. पण दुसऱ्या बैठकीला माणसं आली, हे माझ्या दृष्टीने मोठं आहे. या वेळी सह्यांच्या कागदाऐवजी अटींचा कागद होता. गल्लीच्या तोंडाशी दिवे. निवाऱ्याच्या देखरेख समितीत सोसायटीतल्या दोन बायका. रात्रपाळीच्या काळजीवाहकाचा फोन नंबर दारावर लावलेला. लहान मुलांना अंगणवाडीत घालायची जबाबदारी संस्थेची. आणि शेवटची अट त्याच तरुण आईने लिहायला लावली होती. नाक्यावर जाणाऱ्या बायकांना न्हाणीघर पहाटे पाचला उघडं मिळावं. तिने सांगितलं की रोज पहाटे दळणाला उठते तेव्हा मागच्या भिंतीशी दोघीतिघी एकमेकींना साडीचा आडोसा धरून आंघोळ उरकताना दिसतात. आमच्या आराखड्यात न्हाणीघराची वेळ सहाची होती. तिथेच पेन काढून मी ती पाच केली.